हुणसूरचे बैल आणि मार्क कबन

म्हैसूरहून कुर्गकडे जाणाऱ्या वाटेवर, लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी हुणसूर हे गाव लागते. एकोणिसाव्या शतकात मद्रास सैन्याच्या रसद खात्याचे येथे मोठे ठाणे होते. कातडी कमावण्याचा कारखाना, लाकडाची वखार, कांबळी विणणारे माग; आणि या सर्वांहून मोलाची म्हणजे अमृतमहाल बैलांची व्यवस्था. आपल्या खिल्लार बैलांचेच हे भाऊबंद. वोडेयार राजांनी जोपासलेल्या या गोधनाला ‘अमृतमहाल’ हे नाव टिपूने दिले. १८०३ साली वेलस्लीचे सैन्य असईपर्यंत पोचले, त्यात म्हैसूरच्या बैलांचा वाटा थोडा नव्हता.

मार्क कबन यांची घडण याच रसद खात्यात झाली. आयल ऑफ मॅन बेटावरील हा तरुण १८०० साली मद्रासला आला. नगर प्रांतातील रयतेच्या बंडानंतर १८३१ मध्ये लॉर्ड बेंटिंकने तिसरे कृष्णराज वोडेयार यांच्याकडून कारभार काढून घेतला. १८३४ मध्ये कबन म्हैसूरचे कमिशनर झाले आणि त्या एकाच खुर्चीत लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले.

त्यांच्या राज्यकारभारात रसद अधिकाऱ्याचीच दृष्टी दिसते. चालू असलेले गाडे मोडू नये, अडथळे तेवढे दूर करावेत. दफ्तर कानडीत व मराठीत चालत होते, ते त्यांनी तसेच चालू दिले. रयतेला जाचणाऱ्या ७६९ किरकोळ पट्ट्या मात्र रद्द केल्या, आणि सडका व पूल बांधले. रुतलेल्या गाडीची किंमत अशा माणसाला वेगळी सांगावी लागत नाही! तथापि सारी सत्ता एकाच्या मुठीत होती, आणि राज्याचा धनी राजवाड्यात बसून आपल्या अर्जांच्या उत्तराची वाट पाहत होता, हेही विसरता येत नाही.

१८६० साल कसोटीचे ठरले. काटकसरीच्या नावाखाली मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी अमृतमहालाचे कळप विकावयास काढले. त्याच सुमारास म्हैसूरचा कारभार मद्रास सरकारच्या देखरेखीखाली देण्याचे घाटत होते. महाराजांनी कडाडून विरोध केला. कबन यांनी राजीनामा पुढे केला. ज्यांच्याकडून राज्य काढून घेतले आणि ज्यांच्या हाती ते दिले, ते दोघे या प्रसंगी एका बाजूस उभे राहिले. व्हाइसरॉय कॅनिंग यांना हुकूम मागे घ्यावा लागला.

हुणसूरच्या बैलांसाठी असे कोणी उभे राहिले नाही. कळप पांगले, सैन्याला जनावरे मिळेनात, तेव्हा १८६६ मध्ये ते पुन्हा जमविण्याचे ठरले. ते पाहावयास कबन नव्हते. १८६१ च्या एप्रिलमध्ये, मायदेशी परतताना, सुएझ येथे त्यांचे निधन झाले होते.