सुगम्यता (वर्धा जिल्हा)

वास्तू, वाहतूक आणि संगणकीय सेवा अपंग व वृद्ध व्यक्तींना इतरांच्या मदतीविना वापरता याव्यात, अशी रचना. वर्ध्यात प्रवेशाचा प्रश्न आधी सामाजिक अंगाने पुढे आला: जमनालाल बजाज यांनी 1928 मध्ये येथील लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले, तर गांधीजींनी कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना सेवाग्राम आश्रमात जागा दिली. शारीरिक अडथळ्यांची दखल कायद्याने पुष्कळ उशिरा घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये इमारती, वाहतूक व माहिती-तंत्रज्ञान यांच्या सुगम्यतेची तरतूद आहे. या अधिनियमाखालील सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले.

इमारतींतील उताराचा (रॅम्पचा) चढ 1:12 हून तीव्र नसावा, म्हणजे एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी. घाईने बांधलेला तीव्र उतार चाकाच्या खुर्चीला निरुपयोगीच नव्हे, धोकादायकही ठरतो. सेवाग्रामच्या मातीच्या कौलारू कुटींसारख्या वारसावास्तूंत सुगम्यतेचे काम मूळ बांधकामाला धक्का न लावता, काढता येणाऱ्या लाकडी उतारांनी करणे इष्ट. संगणकावर अडथळा दिसत नाही, म्हणून तो अधिक दुर्लक्षिला जातो: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मराठी मजकूर किंवा नुसते छायाचित्र म्हणून चढवलेला शासन निर्णय दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.