रामटेक परिसरातील झोळी : जुने लुगडे, खाण आणि कायदा

रामटेकच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम वाकाटकांकडे, गडावरील केवलनरसिंह मंदिराकडे आणि कालिदासाच्या रामगिरीकडे वळते, हे स्वाभाविक आहे. लगतच्या मनसरचे नावही उत्खननांमुळे विद्वानांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु याच मनसरला मँगनीजच्या खाणीही आहेत. त्या खाणींच्या आणि भोवतालच्या शेतांच्या इतिहासात एका साध्या वस्तूला स्थान मिळावयास हवे. ती वस्तू म्हणजे मूल वाहण्यासाठी व निजविण्यासाठी वापरावयाचे जुने लुगडे. ते झाडाच्या फांदीस टांगले की त्याची झोळी होते, आणि मूल पाठुंगळीस घेऊन ते अंगाभोवती आवळले की हात कामास मोकळे राहतात.

ही वस्तू कोणी मुद्दाम विणत नाही. ती निवडावी लागते, आणि त्या निवडीत ज्ञान असते. नव्या कापडास खळ असते. त्यामुळे ते ताठ राहते, गाठ नीट आवळत नाही आणि बाळाच्या कातडीस बोचते. फार जुने कापड विरलेले असते व भाराने फाटते. म्हणून पुष्कळ वेळा धुतलेले, खळ गेलेले, परंतु उजेडाकडे धरले असता विरळ न दिसणारे सुती लुगडेच योग्य ठरते. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे आठ मीटर असल्याने त्याच्या अर्ध्या भागातही हे काम भागते. बांधताना बाळाच्या मांड्या फाकलेल्या, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर आणि तोंड उघडे असावे लागते. हनुवटी छातीवर टेकली तर श्वास कोंडण्याचा धोका असतो. कंबरेच्या सांध्याच्या वाढीसाठी अशीच बैठक हितकर असल्याचे आधुनिक अस्थिवैद्यकही सांगते.

मराठी इतिहासलेखनाने हे कापड पाहिलेच नाही असे नाही. पण ते पाहिले ते राणीच्या पाठीवर. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशीहून निघालेल्या लक्ष्मीबाईंची दत्तक पुत्रास पाठीशी बांधलेली प्रतिमा पुतळ्यांतून व चित्रांतून सर्वपरिचित आहे. तेथे ते कापड शौर्याचे चिन्ह झाले. मजूर स्त्रीच्या पाठीवरील तेच कापड मात्र दारिद्र्याची खूण मानले गेले.

मनसर भागातील मँगनीज-उत्खननास इ. स. १९०० च्या सुमारास आरंभ झाला. मध्य प्रांतातील या उघड्या खाणींत धातुक फोडणे, निवडणे व पाट्या वाहणे ही कामे स्त्रिया मोठ्या संख्येने करीत. अंगावर पिणारे मूल घरी ठेवणे अशा स्त्रीस शक्य नसे. झोळी ही तिच्या अज्ञानाची नव्हे, तर मुलासाठी जागाच नसलेल्या कामाच्या व्यवस्थेची खूण होती.

पुढे कायद्याने हस्तक्षेप केला. १९४६ मध्ये खाणींतील पाळणाघरांविषयीचे नियम झाले. १९५२ च्या खाण अधिनियमाच्या कलम ४५ ने, जेथे खणन चालू आहे अशा उघड्या खाणीत मुलाच्या उपस्थितीसच मनाई केली. १९६६ मध्ये पाळणाघरांचे नवे नियम आले. सुरुंग, धूळ आणि घसरणारे दगड यांचा विचार करता ही मनाई योग्यच होती. तथापि तिचे मोल पाळणाघराच्या प्रत्यक्ष अस्तित्वावर अवलंबून होते. ते नसेल तर मनाईचा भार आईवरच पडणार. शिवाय हे संरक्षण खाणीच्या हद्दीपुरतेच होते. निंदणीस वा कापणीस जाणाऱ्या शेतमजूर स्त्रीस असे पाळणाघर नव्हते. तिची झोळी बांधावरील झाडालाच राहिली. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने कामावर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद केली, तीही याच उणिवेची कबुली होय.

याच काळात पश्चिमेत या कापडाचा प्रवास उलट दिशेने झाला. टोगो येथील मातांना पाहून अमेरिकेच्या अ‍ॅन मूर यांनी ‘स्नगली’ नावाची पिशवी तयार केली व १९६९ मध्ये तिचे एकस्व मिळविले. जर्मनीत एरिका हॉफमन यांनी १९७२ मध्ये ‘डिडिमॉस’ या नावाने विणलेल्या पट्ट्यांची विक्री सुरू केली. जे आपल्याकडे मागासलेपणाचे लक्षण समजले गेले, ते तेथे विकत घेण्याजोगे शास्त्र ठरले.

श्रमाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी यावरून एक बोध घ्यावा. लुगड्याची झोळी होते, झोळीची गोधडी होते आणि शेवटी तिची चिंधी होते. अशी वस्तू संग्रहालयाची वाट पाहत थांबत नाही. मनसर, कांद्री व रामटेकच्या वृद्ध स्त्रियांना कोणते लुगडे निवडले, गाठ कोठे मारली आणि काम चालू असता मूल कोण राखीत असे, हे विचारून टिपून ठेवले पाहिजे. कायद्याच्या पुस्तकात पाळणाघर सापडते. त्यापूर्वीचे मूल कोठे होते, हे त्या स्त्रियाच सांगू शकतील.