रंध्याची धार आणि सुताराची बोटे

लाकडाच्या वखारीत किंवा फर्निचरच्या कारखान्यात ज्याला ‘रंधा मशीन’ म्हणतात, त्याच्या दोन टेबलांच्या मधल्या फटीत एक पोलादी ठोकळा फिरत असतो. कामगार त्याला कटर ब्लॉक म्हणतात. यंत्र बंद असताना वाकून पाहिले, तरच तो दिसतो. हा ठोकळा आधी चौकोनी होता, मग गोल झाला आणि आता त्यावर सर्पिल ओळीत बारीक कार्बाइडच्या टिकल्या बसवलेल्या दिसू लागल्या आहेत. जुन्या यंत्रातला सरळ पात्यांचा ब्लॉक काढून हा नवा ‘स्पायरल’ ब्लॉक बसवून घेणारे आपल्याकडेही भेटतात. ते कारण सांगतात ते आवाजाचे आणि सफाईचे. दोन्ही कारणे खरी आहेत. पण चौकोनापासून सर्पिलापर्यंतचा हा प्रवास मी पेटंटे, कायदे आणि जुनी यंत्रे यांच्या आधाराने लावू लागलो, तेव्हा त्यात सुताराच्या हाताचा इतिहास दिसू लागला. तो मांडण्यासाठी हा लेख.

सुरुवात हातरंध्यापासून केली पाहिजे. पॉम्पेईच्या राखेखाली रोमन रंधे सापडले आहेत, म्हणजे हे हत्यार निदान दोन हजार वर्षांचे आहे. त्याची रचना साधी दिसते, पण तिच्यात दोन शहाणपणे आहेत. पहिले असे की, पाते रंध्याच्या तळातून केसभरच बाहेर येते. बाकीची सगळी धार लाकडी अंगात झाकलेली असते. त्यामुळे रंधा लाकूड घेईल तर केसभरच घेईल आणि चुकून बोट लागले तरी जखम तेवढीच होईल. दुसरे शहाणपण हत्यारात नसून वापरणाऱ्याच्या हातात असते. गाठ आली किंवा तंतू उलटे वळलेले दिसले, की जाणता सुतार रंधा थोडा तिरका धरून ओढतो. मग धार लाकडावर एकदम आदळत नाही. कोयता तिरका ओढला की ऊस सहज तुटतो, तसे तंतू टवका न उडता कापले जातात. झाकलेली धार आणि तिरका काप या दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. पुढची सगळी कथा त्यांचीच आहे.

रंधकाम यंत्राने करावे, ही कल्पना नेटाने पुढे नेली ती सॅम्युएल बेंथम या इंग्रज अभियंत्याने. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचा हा धाकटा भाऊ. १७८० च्या दशकात तो रशियाच्या नोकरीत होता आणि आजच्या बेलारूसमधल्या क्रिचेव्ह येथे जहाजबांधणी व कारखाने पाहत होता. तिथे कुशल कारागीर मिळत नव्हते. मजुरांवर एकाच मध्यवर्ती जागेवरून नजर ठेवता येईल अशा इमारतीची कल्पना त्याला तिथेच सुचली आणि जेरेमीने पुढे तीच ‘पॅनॉप्टिकॉन’ या तुरुंगाच्या आराखड्यात मांडली. इंग्लंडला परतल्यावर सॅम्युएलने १७९१ मध्ये रंधा यंत्राचे आणि १७९३ मध्ये लाकूडकामाच्या अनेक यंत्रांचे मिळून एक विस्तृत पेटंट घेतले. भावाच्या तुरुंगातल्या कैद्यांकडून ही यंत्रे चालवून घ्यावीत, असा दोघांचा विचार होता. तो तुरुंग काही उभा राहिला नाही. पण रंधा यंत्राच्या जन्मकुंडलीतली ही नोंद मला महत्त्वाची वाटते. ज्याला सुतारकाम येत नाही, अशा माणसाच्या हाती देण्यासाठीच हे यंत्र कल्पिले गेले होते.

१८०२ मध्ये जोसेफ ब्रामाने मोठ्या फिरत्या चकतीवर पाती बसवून लाकूड सपाट करण्याचे पेटंट घेतले. पण धंद्याचे रूप बदलले ते अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम वुडवर्थला २७ डिसेंबर १८२८ रोजी पेटंट मिळाले. फिरती पाती आणि फळी दाबून पुढे ढकलणारे रूळ यांची जोडी हे त्याचे मर्म होते. १४ वर्षांची मुदत १८४२ मध्ये ७ वर्षांनी वाढली आणि १८४५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने आणखी ७ वर्षे दिली. म्हणजे १८५६ अखेरपर्यंत, सलग २८ वर्षे, यंत्राने फळ्या रंधणारा जवळजवळ प्रत्येक जण या पेटंटाच्या मालकांच्या तावडीत होता. त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पेटंट कोणाचे आणि स्वामित्वधन किती, यावर एवढा कायदेशीर खल झाला. पाती बसवलेल्या ठोकळ्याचा आकार कसा असावा, हा प्रश्न मात्र कायद्याने विचारायला अजून बरीच वर्षे होती.

इथे एक तांत्रिक मुद्दा समजून घ्यायला हवा. वुडवर्थच्या यंत्रात रूळ फळी ओढून नेतात, त्यामुळे माणसाचा हात पात्यांपासून लांब राहतो. मग सगळीकडे रूळच का लावले नाहीत? कारण वाकडी फळी रुळांखाली दाबली की तेवढ्यापुरती सरळ होते, रंधली जाते आणि बाहेर पडताच पुन्हा वाकते. जाडी सारखी होते, पण वाक तसाच राहतो. फळी खरोखर सरळ करायची, गुण्यात आणायची, तर ती टेबलावर हलक्या दाबाने, अंदाज घेत, हातानेच सरकवावी लागते. म्हणून हाताने चालवायचे रंधा यंत्र टिकले. त्यात पाती खालून फिरतात आणि सुताराचे तळवे वरून फळी दाबत पुढे जातात. फळी अरुंद किंवा आखूड असली, की हात आणि पाती यांच्यात बोटभर लाकूडच काय ते उरते.

एकोणिसाव्या शतकात या पात्यांचा ठोकळा चौकोनी असे. कारण सरळ होते. सपाट बाजूवर पाते ठेवून बोल्टने आवळणे सोपे आणि स्वस्त. आता ढोबळ हिशेब पाहू. ठोकळ्याची बाजू १०० मिलिमीटर धरली, तर मध्यापासून कोपरा सुमारे ७१ मिलिमीटरवर येतो आणि सपाट बाजूचा मध्य ५० वर. म्हणजे दर फेऱ्यात चार वेळा टेबलाच्या कडेपुढे सुमारे २१ मिलिमीटर खोल पोकळी उघडते आणि मिटते. फळी उसळली आणि बोट त्या फटीत गेले, तर पुढचा कोपरा ते आत ओढून घेतो. केसभर धार बाहेर ठेवणाऱ्या हातरंध्याचे पहिले शहाणपण चौकोनी ठोकळ्याने असे सोडून दिले होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल ठोकळे बाजारात आले. त्यांत पाती खाचेत, पाचरीने आवळून बसतात आणि गोलाईच्या बाहेर जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर डोकावतात. बोट लागले तर जखम होतेच, पण हात आत ओढला जाण्याचा धोका खूप कमी होतो. तरी जुना ठोकळा चालू स्थितीत असताना कोण बदलणार? ब्रिटनमध्ये ते काम १९२२ च्या लाकूडकाम यंत्रांच्या नियमांनी केले. हाताने लाकूड सरकवण्याच्या रंधा यंत्राला दंडगोलाकारच ठोकळा हवा, असे त्यांनी बंधन घातले. बेंथमच्या १७९३ च्या पेटंटापासून मोजले, तर हातरंध्याला ठाऊक असलेली गोष्ट यंत्राला कायद्याने शिकवायला १२९ वर्षे लागली.

हाच नियम आपल्याकडेही आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली झालेल्या महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये लाकूडकाम यंत्रांची स्वतंत्र अनुसूची आहे. यांत्रिक रुळांनी न चालणाऱ्या रंधा यंत्राला दंडगोलाकार कटर ब्लॉक हवा आणि फटीची पूर्ण लांबी-रुंदी झाकू शकेल असा, खालीवर व आडवा सरकवता येणारा ‘ब्रिज गार्ड’ हवा, असे ती सांगते. ती वाचताना १९२२ च्या नियमांची सावली स्पष्ट दिसते. पण हा अधिनियम वीज वापरणाऱ्या जागेला सर्वसाधारणपणे लागू होत असे तो १० कामगारांपासून पुढे. २०२० च्या संहितेत हाच आकडा २० केला आहे. आपल्याकडचे बहुसंख्य रंधा यंत्र चालतात कुठे? मालक आणि दोन-तीन कारागीर असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी पाहिलेल्या अशा शेडमध्ये गोल ठोकळा सर्वत्र होता, कारण आता बाजारात तोच मिळतो. गार्ड मात्र बहुतेक ठिकाणी काढून भिंतीला टेकवलेला असे. आकार बाजाराबरोबर आला, पण गार्ड लावायला लावणारे कोणी तिथवर पोहोचलेच नाही.

आता सर्पिल ठोकळ्याकडे येऊ. त्याची मुळे धातुशास्त्रात आहेत. जर्मनीत १९२३ मध्ये कार्ल श्रोटरने टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टबरोबर भाजून घट्ट करण्याची पद्धत शोधली आणि क्रुप कंपनीने १९२६ पासून हा पदार्थ ‘विडिया’ नावाने विकला. ‘वी डियामांट’, म्हणजे हिऱ्यासारखा, या जर्मन शब्दांवरून हे नाव आले. आपल्याकडचे मिस्त्री आजही कुठल्याही कार्बाइडला ‘विडिया’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीचे एक व्यापारी नाव मराठी कामगाराच्या बोलीत असे सामान्यनाम होऊन बसले आहे. कार्बाइड अतिशय कठीण, पण ठिसूळ. लांबलचक पाते त्याचे करण्यापेक्षा चार धारांच्या छोट्या चौकोनी टिकल्या करून स्क्रूने बसवणे सोयीचे. एक धार बोथट झाली किंवा खिळ्याने तुटली, की तेवढीच टिकली पाव फेरा फिरवायची. तीन पाती काढून, धार लावून, पुन्हा एका पातळीत बसवण्याचा खटाटोप वाचतो. स्क्रू आवळण्यापूर्वी टिकलीखालची जागा तेवढी निपटून पुसावी लागते. तिथे भुशाचा कण राहिला, तर ती टिकली उचलली जाते आणि प्रत्येक फळीवर एक बारीक रेघ उमटते.

आवाजाचे गणितही सोपे आहे. मिनिटाला ५००० फेरे आणि ३ सरळ पाती म्हणजे सेकंदाला २५० वेळा पूर्ण लांबीची धार एकाच क्षणी लाकडावर आणि टेबलाच्या कडेजवळच्या हवेवर आदळते. भोंगाही हवेचे असेच तुकडे करून वाजतो. टिकल्या सर्पिल ओळीत असल्या, की एका क्षणी थोड्याच लाकडाला भिडतात आणि तो आघात फेराभर विभागला जातो. चांगल्या ठोकळ्यांत प्रत्येक टिकलीची धारही अक्षाशी किंचित तिरपी ठेवतात. मग गाठीजवळचे उलटे तंतू टवका न उडता कापले जातात. नुसती ओळ सर्पिल आणि धार सरळ, अशी रचनाही ‘स्पायरल’ म्हणून विकली जाते. ती आवाज कमी करते, पण तिरका काप देत नाही. घेणाऱ्याने हा फरक डोळ्यांनी पाहून घ्यावा.

तिरपी धार म्हणजे तिरका धरलेला रंधा. हातरंध्याचे दुसरे शहाणपणही यंत्राकडे असे परत आले. फरक इतकाच की, गोल ठोकळा सक्तीने आला आणि सर्पिल ठोकळा हौसेने येतो आहे. पात्यांच्या संचापेक्षा तो अनेक पटींनी महाग पडतो. म्हणून ज्याच्या कानांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे, तो दिवसभर यंत्रावर उभा राहणारा रोजंदारीचा कारागीर तो विकत घेऊ शकत नाही. आणि शांत झालेले यंत्र निरुपद्रवी वाटू लागते, हा वेगळाच धोका. टिकलीची धार बोट आणि लाकूड यांत भेद करत नाही.

ज्याला कसब नाही त्याच्यासाठी बेंथमने यंत्र कल्पिले. पण वाकडी फळी सरळ करायला जाणता हात लागतोच, हे दोन शतकांनंतरही खोटे ठरलेले नाही. तो हात शाबूत ठेवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आज भिंतीला टेकवलेला तो पत्र्याचा गार्ड आहे. नवा ठोकळा परवडेल तेव्हा घ्यावा. गार्ड मात्र आजच लावता येतो.