आठवेठ

शाळेत असताना मी अभ्यास घाईघाईने खरडला की आई म्हणायची, "वेठ उरकू नको रे, नीट लिही." वेठ म्हणजे मन नसताना केलेलं काम, एवढंच मला ठाऊक. आजीला मात्र तो शब्द असा सहज वापरलेला खपत नसे. पडवीत कुळीथ निवडता निवडता ती पुटपुटायची, "वेठ काय ती आमाला विचारा."

आमचा गाव रत्नागिरीकडचा, खोतीचा. गावचा सारा खोताने गोळा करून सरकारात भरायचा, ही मूळ व्यवस्था. कुळाकडून भाताचा अर्धा वाटा जायचा, तो अर्धेल. त्याखेरीज आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचं, ती आठवेठ. नुसत्या माणसाने नव्हे, नांगर-बैलांसकट.

आठांतला एक दिवस ऐकायला फार वाटत नाही. पण तो दिवस कोणता, हे खोत ठरवणार. पाऊस लागला, मळ्यांत पाणी साचलं की चिखलणी त्याच दिवशी व्हायला हवी. नेमका त्याच दिवशी सांगावा यायचा. एका वर्षी आजोबा जोत घेऊन तिकडे गेले, दुसऱ्या दिवशी पावसाने दडी मारली, मळ्या आटल्या. आजी सांगायची, "तरवा पिवला पडला आमच्या डोल्यांदेखत. त्या साली भात आलं निम्मं. मग त्यालाच दारात जाऊन दिढीनं भात आणला." वेठीमुळे पडलेली तूट वेठ घेणाऱ्याकडूनच दीडपटीच्या बोलीवर भरून काढायची!

पुढे वाचनात आलं, की हा शब्द संस्कृत 'विष्टि'पासून आला. कर पैशाने किंवा धान्याने द्यायचा, विष्टि अंगमेहनतीने. गिरनारच्या खडकावर रुद्रदामन राजाचा इसवी सन 150 च्या सुमाराचा लेख आहे. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय यांचा त्रास न देता बांधला, असं तो त्यात सांगतो. (प्रणय म्हणजे राजाला 'प्रेमाने' द्यायची देणगी. ते प्रेमही सक्तीचंच.) न घेतल्याची फुशारकी मारावी, इतकी घेण्याची रीत पक्की होती. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला सगळ्या विष्टीतून माफी दिलेली असते. राबणारा खरंच सुटला, की राबवून घेणारा तेवढा बदलला, हे ताम्रपट सांगत नाही. मला दुसरंच खरं वाटतं. मराठेशाहीत किल्ल्यांवर गवत-लाकूड पोचवायची वेठ गावांवर असे, तेव्हाही ओझं कुणाच्या डोक्यावर यायचं हे सांगायला नको.

खोतीविरुद्ध अलिबागजवळच्या चरीत 1933 साली शेतकऱ्यांनी संप केला. पंचवीस गावांनी कित्येक वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले, पण खोताची शेती केली नाही. 1937 त डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 उजाडलं. आमच्या आजोबांच्या नशिबी तो नव्हता.

शब्द मात्र राहिला, आणि उलटा फिरला. कुठल्याशा संपाची बातमी मी आजीला वाचून दाखवत होतो. संपवाल्यांनी लोकांना वेठीस धरलं, असं पेपरात होतं. आजीने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे? लोकान्ला शेतात नेलान?"

"नाही गं, गाड्या बंद ठेवल्या."

"मग फुकट राबला कोन?"

मी बातमी पुन्हा वाचली. त्यात तसं कुणीच नव्हतं. आजीने सूप उचललं नि पाखडायला घेतलं.