शेरा आणि उजळणी

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, बोरगाव मेघे येथील आमच्या घराच्या मागील अंगणात आजी पितळेची घागर चिंचेच्या कोळाने आणि राखेने घासत बसली असता, नातू कुठे गेला या तिच्या प्रश्नाला, शाळेत शिक्षिका असलेल्या माझ्या बहिणीने ‘तो उजळणीला गेला’ असे उत्तर दिले. तेव्हा आजीने घागर तशीच हाती धरून ‘कोणतं भांडं घेऊन गेला?’ असे विचारले. तिचा नातू, म्हणजे माझा भाचा, मोटारसायकलवर तिघांना बसवून जाताना पकडला गेला होता, त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला होता, आणि तो परत मिळावा म्हणून कायद्याने सांगितलेले चालकाचे उजळणी प्रशिक्षण घेण्यास तो वर्ध्याला गेला होता. आजीच्या त्या प्रश्नाने जे कोडे माझ्या मनात उभे केले, म्हणजे परवान्यावरचा डाग उजळणीने खरेच उजळतो का, त्याच्यामागे मी गेले वर्षभर लागलो आहे.

परवान्यावरील दंडगुणांची कुळकथा बहुतेकांना ठाऊक आहे. अमेरिकेतील कनेटिकट राज्याने १९४७ साली दोषांना गुण लावले. जर्मनीने १९७४ पासून फ्लेन्सबुर्ग येथील नोंदवहीत ते साठविले. फ्रान्सने १९९२ साली उलटी रीत धरून प्रत्येकाला बारा गुणांचे भांडवल आधीच दिले आणि चुकीगणिक त्यातून कापण्यास आरंभ केला. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०१७ साली हा प्रयोग करून पाहिला. शिक्षणाने गुण फेडण्याची सोयही युरोपातील या देशांत आहे: फ्रान्समध्ये दोन दिवसांच्या वर्गाने चार गुणांपर्यंत परत मिळतात, तर जर्मनीत पाचापेक्षा अधिक गुण साचले नसतील तर पाच वर्षांतून एकदा एक गुण उतरतो. महाराष्ट्रात मात्र गुणांचा हिशेब नाही. येथे आहे तो परवान्यावर लिहिला जाणारा शेरा.

हा शेरा आला कोठून? शिरस् या संस्कृत शब्दाकडे बोट दाखविणारे म्हणतात की वरिष्ठ अधिकारी कागदाच्या शिरोभागी लिहितो तो शेरा. ही व्युत्पत्ती ऐकण्यास गोड आहे, परंतु दप्तर तिला साक्ष देत नाही. सातबाऱ्याचा उतारा उघडून पाहावा: पिकांच्या नोंदींचे सारे रकाने ओलांडल्यावर सर्वांत शेवटी, उजव्या कडेला ‘शेरा’ हा रकाना भेटतो. शेरा कधी समासात असतो, कधी तळाशी असतो. शिरावर तो क्वचितच. माझ्या मते त्याचे मूळ अरबी ‘शर्ह’ हे होय, आणि शर्ह म्हणजे भाष्य, विवरण, उकल. त्याच धातूपासून झालेला ‘तश्रीह’ हा शब्द शवविच्छेदनालाही लावतात, कारण दोन्ही ठिकाणी झाकलेले उघडून दाखविण्याची क्रिया एकच आहे.

या मताविरुद्ध एक बळकट आक्षेप आहे व तो मी लपवीत नाही. अरबी ‘तर्ह’ मराठीत ‘तऱ्हा’ झाला, त्यातील हकार टिकला. मग ‘शर्ह’चा ‘शऱ्हा’ का होऊ नये? याला माझे उत्तर असे की हकाराने मराठीत एकच वाट धरलेली नाही. ‘सलाह’चा आपण ‘सल्ला’ केला, ‘तनख्वाह’चा ‘तनखा’ केला, आणि दोहोंचाही अंत्य हकार झडला. एकाराचे म्हणाल तर जुन्या मोडी पत्रांतून ‘शहर’ हे ‘शेहेर’ होऊन वारंवार येते. हकाराच्या शेजारी अकाराने एकाराकडे झुकावे हा आपल्या कारकुनांच्या लेखणीचा धर्मच होता. तेव्हा कुळकर्ण्याच्या बोरूखाली शर्हचा शेरा झाला असे मी निःशंकपणे मानतो. शेरा म्हणजे उकल, याचा दाखला म्हणून आमच्या गावाच्या नावातील ‘मेघे’ हे पद घ्या: बोरगावे अनेक, म्हणून महसुली दप्तरात हे बोरगाव कोणते याची उकल करण्यासाठी ते कंसात लिहिले गेले. सावंगी, सिंदी, पिपरी या शेजाऱ्यांचीही तीच गोष्ट. तो शेराच आहे, आणि त्यात कलंकाचा लवलेश नाही.

उजळणीविषयीही दोन पक्ष आहेत. उज्ज्वल या शब्दाशी तिचे नाते निर्विवाद आहे. वाद आहे तो पाठ घोकण्याचा अर्थ तिला कसा चिकटला याविषयी. काहींच्या मते दिवेलागणीला मुले उजेडात बसून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी म्हणत, म्हणून ती उजळणी. हे चित्र मलाही प्रिय आहे, कारण आमच्याही ओसरीवर ते घडत असे. तथापि ‘उजळणे’ या क्रियापदाचे कर्म संध्याकाळ नव्हे, ते पाठ आहे. जसे भांडे उजळावे तसा पाठ उजळावा. शिवाय उजळणे म्हणजे कल्हई नव्हे. कल्हईवाला नवसागर टाकून भांड्याच्या आत कथलाचा नवा थर चढवितो, तर घासणारी बाई काहीच चढवीत नाही. ती मळ काढते आणि आतले पितळ आपोआप दिसू लागते. आजीचा प्रश्न म्हणूनच मला चुकीचा वाटत नाही.

आता कायदा पाहावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे तीन वर्षांत दुसरा शेरा पडला नाही, आणि पहिला केवळ अतिवेगाचा असेल तर एका वर्षातच, चालकाला निष्कलंक परवाना मिळण्याचा अधिकार येतो. म्हणजे येथे मळ काढण्याचे काम काळावर सोपविले आहे, आणि काळ तर भांडे काळवंडवितो, उजळीत नाही! २०१९ च्या दुरुस्तीने एकोणिसाव्या कलमात वेगळी वाट काढली: अतिवेग, बेदरकारपणा, मद्यपान, शिरस्त्राणाचा अभाव, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा गुन्ह्यांत परवाना निलंबित झाल्यास, मुदत संपल्यावरही प्रशिक्षण यशस्वीपणे पुरे केल्याखेरीज तो परत मिळत नाही. ही वाट मला मनापासून योग्य वाटते. अट एवढीच की शिकविणाऱ्याने शेऱ्याची शर्ह करावी, ज्या वळणावर चूक झाली ते वळण चालकापुढे उलगडून ठेवावे. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असे ठरविले व त्यातून नई तालीम निघाली. सेवाग्रामाच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आम्हाला, बाकावर बसवून चित्रफीत दाखविली म्हणजे उजळणी झाली, हे कसे पटावे?

माझे वडील जिनिंगचा ट्रक चालवीत. त्यांच्या परवान्याची पुस्तिका माझ्याजवळ आहे: कापडी पुठ्ठा, आत तेलकट बोटांचे ठसे, आणि मागल्या पानावर निळ्या शाईत न्यायालयाचा अतिवेगाचा एक शेरा. कायद्याने तो एका वर्षात पुसला गेला असता. त्यांनी अर्जच केला नाही. त्या शेऱ्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली आहे: ‘उतार होता, माल ओला होता, गिअर आधी टाकायला हवा होता.’ भाचा प्रशिक्षण आटोपून घरी आला त्या संध्याकाळी मी ते पान त्याच्यापुढे उघडले, आणि त्याने ते मोठ्याने, दोनदा वाचले.