प्रथमोपचार शाळेपर्यंत कसा पोहोचला?

अचानक हृदय बंद पडण्याच्या बहुतेक घटना रस्त्यावर किंवा ऑफिसात नाही, तर घरात घडतात. दुपारची वेळ असेल तर घरात आजी असते आणि शाळेतून नुकताच आलेला नातू. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की चार-पाच मिनिटांत कायमची इजा व्हायला सुरुवात होते. एवढ्या वेळात ॲम्ब्युलन्स दारात येणं जवळजवळ अशक्यच. म्हणून नववीतल्या मुलांनी बाईंच्या मार्गदर्शनाखाली 'प्रथमोपचार' हा प्रकल्प घेतला, की मला तो नुसता गुण मिळवण्याचा विषय वाटत नाही. पण हा विषय मुलांच्या हातात यायला बराच काळ गेला, आणि वाट अडवणाऱ्यांमध्ये आम्ही डॉक्टर मंडळीही होतो.

सुरुवात सैन्यातून झाली. लंडनजवळच्या वुलिच इथे पीटर शेफर्ड नावाचे लष्करी सर्जन होते. जखमी सैनिकासाठी जे शिकवतो, ते कारखान्यात बोट कापलेल्या कामगारासाठी का शिकवू नये, या विचारातून १८७८ मध्ये त्यांनी आणि कर्नल फ्रान्सिस डंकन यांनी सेंट जॉन संस्थेतर्फे सामान्य नागरिकांचे वर्ग सुरू केले. शेफर्ड यांना त्याचं फळ बघायला मिळालं नाही. जानेवारी १८७९ मध्ये झुलू युद्धात ते मारले गेले. त्यांचं छोटं पाठ्यपुस्तक मात्र मागे राहिलं. आपल्याकडे कारखान्यातल्या प्रथमोपचार पेटीजवळ सेंट जॉनचं प्रमाणपत्र असलेला माणूस असतो, त्या प्रमाणपत्राचं मूळ या वर्गांत आहे.

जर्मन सर्जन फ्रीडरिश एस्मार्क १८८१ मध्ये लंडनला आले, त्यांनी हे काम पाहिलं आणि परत जाऊन कील शहरात तशीच शाळा काढली. त्रिकोणी पट्टी लोकप्रिय केली ती यांनीच. पट्टी कशी बांधायची याची चित्रं त्यांनी त्या कापडावरच छापून घेतली होती! ज्यांनी स्काऊट-गाईड केलं असेल त्यांना हाताची झोळी आठवत असेल. गळ्यातला स्कार्फ तसा मोठा असतो तो उगीच नाही. अर्धवट ज्ञानाने भोंदू डॉक्टर तयार होतील, असा आक्षेप तेव्हा एस्मार्क यांच्यावर घेतला गेला. तो आक्षेप मी आजही ऐकतो.

त्यानंतरच्या काळाबद्दल खरं सांगायचं तर, मुलांना जे शिकवलं गेलं त्यातलं बरंच कुचकामी होतं. बुडालेल्या माणसाला पालथं घालून पाठ दाबायची शेफर पद्धत १९०३ ची. मग १९३२ मध्ये होल्गर निल्सन पद्धत आली, पाठ दाबायची आणि कोपर धरून हात उचलायचे. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ही पाठ करून परीक्षा दिल्या. १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये डॉ. पीटर सफार यांनी स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने शिथिल करून तपासलं, तेव्हा कळलं की बेशुद्ध माणसाची मान नीट मागे केली नाही तर घसा बंदच राहतो. वरून कितीही दाबा, पुरेशी हवा आत जात नाही. तोंडाने श्वास दिला तर जाते, आणि तो प्रशिक्षण नसलेला माणूसही देऊ शकतो. १९६० मध्ये त्याच शहरात कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे प्रसिद्ध केलं. आजचा सीपीआर या दोन गोष्टींचा मिळून झाला.

आता खेळण्यांच्या कारखान्याकडे वळू. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावात आस्मुंड लेर्डाल मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवत. भूलतज्ज्ञ डॉ. ब्योर्न लिंड यांच्यासोबत त्यांनी श्वास देण्याचा सराव करायला माणसाएवढी बाहुली बनवली. सफार यांच्या सूचनेवरून पुढे तिच्या छातीत स्प्रिंगही बसवली. १९६१ मध्ये तिथल्या बचत बँकांनी अशा साडेसहाशे बाहुल्या शाळांना भेट दिल्या आणि मुलांनी वर्गात सराव सुरू केला. याउलट, १९६६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ परिषदेने सीपीआर शिकवायची शिफारस केली ती वैद्यकीय आणि त्यांच्याशी संबंधित कर्मचाऱ्यांपुरती. सामान्य लोकांना शिकवा, हे तिथे १९७४ च्या मार्गदर्शक सूचनांत आलं. नॉर्वेतली मुलं त्याआधी तेरा वर्षं श्वास द्यायला शिकत होती.

माझ्या मते यातला सगळ्यात शहाणा शालेय प्रकल्प डेन्मार्कमधला. तिथे २००५ मध्ये १२ ते १४ वर्षांच्या सुमारे ३५,००० मुलांना सरावाच्या छोट्या बाहुल्या दिल्या. शिक्षकांनी वर्गात शिकवलं आणि गृहपाठ दिला: बाहुली घरी न्या, घरच्यांना शिकवा. ज्या शाळांनी माहिती कळवली, तिथे एकेका मुलाने सरासरी अडीच माणसं शिकवली होती. पुढच्या काही महिन्यांत मात्र अनोळखी किंवा घरच्या माणसांनी सीपीआर देण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही. पण त्याच वर्षी शाळेत हे शिक्षण सक्तीचं झालं, नंतर वाहन परवान्यासाठीही झालं. २००१ मध्ये तिथे सुमारे २१ टक्के रुग्णांना जवळच्या माणसाकडून सीपीआर मिळत होता, २०१० मध्ये ४५ टक्के. तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरा टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय शाळांना देता येणार नाही, रुग्णालयांतले उपचारही सुधारले होते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाराव्या वर्षापासून दरवर्षी दोन तास हे शिकवायला पाठिंबा दिला. वर्षाला दोन तास! आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या तालमीला याहून जास्त वेळ जातो.

आपल्याकडचे पालक विचारतात, "डॉक्टर, काही झालं तर पोलिसांचं लचांड मागे लागणार नाही ना?" रस्त्यावरच्या अपघातापुरतं उत्तर स्पष्ट आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही.

प्रकल्प करणाऱ्या मुलांना मी एक गोष्ट सांगतो. तक्ते थोडे कमी रंगवा आणि हात जास्त चालवा. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, कुशीवर वळवायचं. भाजल्यावर हळद, टूथपेस्ट नाही, वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. आणि छाती दाबायची ती मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे बाहुलीवर दमेपर्यंत केल्याशिवाय अंगात मुरत नाही.

कोणत्या इयत्तेपासून, असं शिक्षक विचारतात. कार्डिफमधल्या २००७ च्या अभ्यासात नऊ-दहा वर्षांच्या एकाही मुलाला पुरेसा खोल दाब देता आला नाही, तेरा-चौदा वर्षांच्या जवळपास निम्म्यांना आला. वजनाचा प्रश्न असतो. तेव्हा पाचवीतल्या मुलाला हाक मारून बघायला, १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायला, पत्ता आणि जवळची खूण सांगायला आणि दार उघडून शेजारच्या काकांना बोलवायला शिकवा. दाब द्यायला काका आहेत.