अंगणातला नळ आणि शेवटच्या मिनिटाचा फोन

अमेरिकेतले प्लंबर कंत्राटं कशी मिळवत होते याचा इतिहास मी सध्या वाचतोय, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. "एमएस्सी भौतिकशास्त्र करून नळाचा अभ्यास?" हो, नळाचाच. आणि तोही घराबाहेरच्या भिंतीवरचा, ज्याला बागेचं पाणी घालायला पाइप लावतात तो.

हा नळ दिसतो साधा. पण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात त्याच्यामुळे घरात पूर येऊ शकतो. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकलो. मात्र नळी बर्फ जिथे तयार होतो तिथेच फुटेल असं नाही. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकतं त्याचा दाब वाढत जातो आणि बहुतेक वेळा नळी तिथे फाटते. यावरचा उपाय म्हणजे थंडीतही न फुटणारा नळ. त्याची चावी बाहेर असते, पण पाणी अडवणारी झडप लांब दांड्याच्या टोकाला, भिंतीच्या आत आठ-बारा इंचांवर, उबदार भागात बसवलेली असते. नळ बंद केला की पुढच्या नळकांड्यातलं पाणी बाहेर निथळून जातं. त्यासाठी तो बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवावा लागतो. एवढं करूनही मालकाने बागेचा पाइप नळालाच लावून ठेवला, तर पाणी निथळत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता बोलीच्या कागदाकडे या. तिथे फक्त "बाहेरचे नळ : 2" एवढंच लिहिलेलं असतं. भिंतीची जाडी मोजणं, योग्य लांबीचा नळ निवडणं, भोक पाडणं, उतार देणं, फट बुजवणं हे सगळं त्या आकड्यात असतं, पण दिसत मात्र नाही. बोलीची चोरी सोपी होते ती इथेच.

चोरी कशी होते ते बघा. इमारतीचं काम घेणारा मुख्य कंत्राटदार प्लंबिंग, वीज, फरसबंदी अशा कामांसाठी उपकंत्राटदारांकडून भाव मागवतो. ते भाव जोडून तो आपली बोली लावतो. काम मिळालं की प्लंबरचा आकडा दुसऱ्या प्लंबरला दाखवून म्हणतो, "याच्यापेक्षा कमीत करतोस का?" तिथे याला 'बिड शॉपिंग' म्हणतात. नकाशे बघून हिशेब केला पहिल्याने, त्याचा वेळ आणि पैसा गेला. दुसऱ्याने काहीच मोजलं नाही, फक्त समोरचा आकडा कमी केला. मग तो ती तूट कुठून भरून काढणार? साधा, आखूड नळ लावून. ते कळतं पहिल्या कडाक्याच्या थंडीत.

यावर उपकंत्राटदारांनी शोधलेला बचाव मला फार रोचक वाटतो. भाव शेवटच्या क्षणापर्यंत सांगायचाच नाही. निविदा बंद होण्याच्या थोडं आधी फोन करायचा, म्हणजे तो आकडा घेऊन बाजारात फिरायला मुख्य कंत्राटदाराकडे वेळच उरत नाही. बचाव चांगला होता, पण त्याची किंमतही होती, कारण घाईत चुका होतात.

कॅलिफोर्नियातला ड्रेनन विरुद्ध स्टार पेव्हिंग हा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. काम प्लंबिंगचं नव्हे, फरसबंदीचं. पण त्यातला नियम प्लंबरलाही तसाच लागू. 28 जुलै 1955. ड्रेनन एका शाळेच्या इमारतीसाठी बोली तयार करत होता आणि त्या दिवशी त्याच्याकडे उपकंत्राटदारांचे 50 ते 75 भाव आले. स्टार पेव्हिंगने फोनवर 7,131.60 डॉलर सांगितले. तो भाव धरून ड्रेननने 3,17,385 डॉलरची बोली लावली आणि काम त्यालाच मिळालं. दुसऱ्या दिवशी तो स्टारच्या कार्यालयात गेला तर उत्तर मिळालं, चूक झाली, 15,000 च्या खाली जमणार नाही. ड्रेननने शोधाशोध करून ते काम 10,948.60 डॉलरमध्ये दुसऱ्याकडून करून घेतलं. मधला फरक, बरोबर 3,817 डॉलर, स्टारने भरावा असा निकाल 1958 मध्ये न्यायमूर्ती ट्रेनर यांनी कायम केला. त्याआधी 1933 मध्ये लिनोलियमच्या एका खटल्यात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी नेमकं उलट म्हटलं होतं : स्वीकार होईपर्यंत भाव देणारा बांधील नाही.

पहिल्यांदा वाचताना मी ड्रेननच्या बाजूने होतो. बिचाऱ्याने विश्वास ठेवला होता ना! दुसऱ्या वाचनात खटकलं. उपकंत्राटदार आपल्या आकड्याला बांधील, पण मुख्य कंत्राटदार त्याला काम द्यायला बांधील आहे का? नाही. निकालात एक अट आहे खरी : काम मिळाल्यावर पुन्हा घासाघीस सुरू केली, तर जुना भाव स्वीकारायचा हक्क जातो. पण घासाघीस फोनवर होते, मग सिद्ध कोण करणार? स्टारची चूक कशामुळे झाली हे निकालात नाही. फोनच्या त्या पद्धतीचा तिच्याशी संबंध असावा, हा माझा अंदाज. तो अंदाज म्हणूनच घ्या.

पुराव्याची खरी अडचण हीच आहे. चोरलेल्या बोलीचा कागद उरत नाही. उरतात ते तिच्याविरुद्ध केलेले कायदे. न्यूयॉर्कने 1912 मध्येच सरकारी इमारतींचं प्लंबिंग, तापन आणि वीजकाम यांची कंत्राटं वेगवेगळी काढायला लावली. हा तिथला विक्स कायदा. मधला माणूसच काढून टाकला. कॅलिफोर्नियाने 1963 मध्ये सार्वजनिक कामांसाठी कायदा केला. उपकंत्राटदाराचं काम एकूण बोलीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त असेल तर त्याचं नाव बोलीतच लिहायचं, आणि नंतर मनात येईल तसं बदलायचं नाही. भाव पाडण्यामुळे हलकं सामान आणि हलकं काम लोकांच्या वाट्याला येतं, हे कारण त्या कायद्यातच दिलंय.

युटामध्ये प्लंबिंग-हीटिंगवाल्यांनी स्वतःच मार्ग काढला होता. सीलबंद भाव एका ठिकाणी आधीच जमा करायचे आणि तिथूनच ते मुख्य कंत्राटदारांकडे जायचे. 1965 मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्यांचे नियम स्पर्धेला बाधक ठरवले. संरक्षण म्हणून केलेली व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्यात अडकली! मला दोन्ही बाजू पटतात, आणि माझं ते प्रकरण त्यामुळेच अजून लिहून होत नाहीये.

कॅलिफोर्नियाचा तो कायदा सार्वजनिक कामांपुरताच आहे. अंगणातले नळ मात्र बहुतेक खाजगी घरांना लागतात. तिथे प्लंबर आपल्या भावावर मुदत लिहितो, नळाचा प्रकार नाव घालून लिहितो, आणि मोजमापाचा कागद स्वतःच्या खणात ठेवून मालकाला फक्त एकूण रक्कम सांगतो.